पिकअप मागवण्याआधी

आर्णी, जि. यवतमाळ
12 जानेवारी

प्रिय सुधाकर,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आहेत, व्होल्टेजचा भरवसा नाही, रोज मोटरी जळून येऊन राहिल्या आणि कास्तकाराला ‘उद्या ये’ म्हणवत नाही. आज शटर ओढलं आणि लिहायला बसलो.

तुझ्या इलेक्ट्रिक गिटारचे तिन्ही पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडून विजेत बदलणारे चुंबक-कॉइल, बदलायचे म्हणतोस. माझं मत सरळ सांगतो, राजा. तिन्ही बदलू नको. ब्रिजजवळचा, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथला एकच बदल, आणि तोही सगळ्यात शेवटी. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांना अजून वेळ आहे, तोवर बाकीची कामं उरकतील.

आधी त्या घुमण्याचं बघू. मंडपात गिटार घुमते म्हणतोस, पण त्यात दोन वेगवेगळे आवाज असतात. तारांना हात लावला की जो चरचराट कमी होतो, तो शील्डिंगचा, म्हणजे आतल्या वायरींभोवतीच्या धातूच्या आवरणाचा प्रश्न. पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरचं प्लास्टिकचं झाकण काढ, आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लाव, पट्टीचे सगळे तुकडे एकमेकांना आणि अर्थला जोडलेले आहेत का ते मल्टिमीटरने तपास. दुसरा आवाज खर्जातला. गिटार घेऊन जागच्या जागी फिरलास की तो एका दिशेला वाढतो, एका दिशेला मरतो. तो जनरेटरच्या, लायटिंगच्या, अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा. आपली वीज 50 हर्ट्झची, ती थेट कॉइलमध्ये शिरते आणि तांब्याच्या पट्टीला अजिबात जुमानत नाही. त्यावर उपाय हंबकर पिकअप. 1955 मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल, एकीचं वाइंडिंग दुसरीच्या उलट, चुंबकाची टोकंही उलट. तारेचा आवाज दोन्हीकडून येऊन मिळतो, विजेचा घुमारा मात्र दोन्हीकडून उलट येऊन खोडला जातो. आपण दिवसभर वाइंडिंग करणारी माणसं, मला तर ही युक्ती आजही सुंदर वाटते.

पण पिकअपच्याही आधी अर्थिंग. हे मी हात जोडून सांगतो. मंडपवाल्याच्या बोर्डाला तिसरी पिन आहे का, आणि तिच्यामागे खरोखर अर्थ आहे का, ते वाजवायला उभं राहण्याआधी बघ. तुझ्या गिटारच्या तारा अॅम्प्लिफायरच्या बॉडीला जोडलेल्या असतात. तारांवर हात आणि ओठ माइकला, अशा वेळी दोघांच्या अर्थमध्ये फरक असला तर करंट तुझ्या छातीतून जातो. माणसं गेली आहेत अशाने. माइकच्या जाळीला टेस्टर लावून पाहा, दिवा लागला तर गाणं थांबव, मंडळी कितीही ओरडोत. गावात समाजमंदिराजवळ कायमचा स्टेज असेल तर कोळसा-मिठाचा खड्डा करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा. आपली काळी जमीन एप्रिलमध्ये भेगाळते, ओल गेली की अर्थिंगही गेलं.

आता नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यातून तारा जातात. तुझी गिटार दोन गाण्यांत सूर सोडते, त्याचा दोष तू ट्युनिंग कीला, म्हणजे तार ताणायच्या खुंटीला देतोस. ती फिरवताना ‘टिंग’ असा आवाज येतो का? येत असेल तर तार नटच्या खाचेत अडकते आहे, खुंटी बिचारी बरोबर आहे. सध्या पेन्सिलीचं शिसं खाचेत घास, फरक कळेल. पुढे प्लास्टिकचा नट काढून हाडाचा बसवू. खाच तारेच्या जाडीची हवी, आणि तिला खुंटीच्या बाजूला हलका उतार हवा, म्हणजे तार फ्रेटकडच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांकडच्या) कडेवरच टेकते. खोली पाहायची तर तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाब आणि पहिल्या फ्रेटवर नजर लाव. तिथे जेमतेम कागद जाईल एवढी फट राहिली पाहिजे. एक घासणी जास्त झाली की खुली तार खडखडते, म्हणून घाई करायची नाही. ट्रेमोलोखालचा, म्हणजे दांडीने सूर हलवायच्या ब्रिजखालचा ब्लॉक हलक्या धातूचा वाटतो, त्याजागी पोलादी टाकू. मला तो आवाज जास्त भरीव वाटतो.

पिकअपची उंचीही बघ, त्याला पेचकसापलीकडे खर्च नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोज. साध्या सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपला, जाड तारेखाली 2.4 मिमी आणि बारीक तारेखाली 2 मिमीपासून सुरुवात कर, मग कानाने ठरव. फार वर चढवला तर चुंबक तारेला ओढतो, खर्जाचा सूर थरथरतो आणि लवकर विझतो.

हे सगळं झाल्यावर ब्रिजला सिंगल कॉइलच्या मापाचा हंबकर. जाहिरातीतलं ‘हाय आउटपुट’ वाचून भुलू नको. सिंगल कॉइलमध्ये साधारण 0.063 मिमी तार असते, आठ हजारांच्या आसपास वेढे. वेढे वाढवले की आवाज मोठा आणि जाड होतो, पण वरची चमक जाते. तुला बॅंजो आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीतून वर यायचं आहे, ती चमक तुला लागेल. म्हणून मध्यम आउटपुटचा, चार वायर बाहेर आलेला घे, म्हणजे हवी तेव्हा एक कॉइल बंद करता येईल. तुझ्या गिटारीत व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखाली 250 किलोओहमचे पॉट असतील. हंबकर त्यावर मंद वाटला तर व्हॉल्यूमचा 500 चा करू. मानेजवळचा पिकअप मात्र तसाच ठेव. त्यावर तू आलाप घेतोस तो आवाज मला फार आवडतो, तो कोणत्याही पैशाने विकत मिळायचा नाही.

सोल्डर रोझिनवालंच आण, आम्लाची पेस्ट गिटारीत नको. वाइंडिंगचं टेबल तुला मोकळं करून देतो. येण्याआधी दोन मापं फोनवर सांग: ब्रिजवर पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर, आणि ट्रेमोलोच्या बाहेरच्या दोन स्क्रूंमधलं. कुठे 52 मिमी असतं, कुठे 56. ते कळलं की ब्लॉक नागपूरहून मागवतो.

आईला जयभीम सांग. वहिनींनाही.

तुझा,
प्रकाश