सांताचं पिंप, राक्षसिणीची कढई आणि शी करणारा ओंडका

चि. ओजस,
अनेक आशीर्वाद.

नाताळच्या कार्यक्रमात तुला पाच मिनिटं बोलायचंय आणि सांता खेळणी वाटतो एवढंच सांगायचा तुला कंटाळा आलाय, असं तू म्हणालास. काहीतरी भयंकर हवंय ना? मग ते नाताळातच भरपूर आहे.

सांताचं मूळ म्हणजे संत निकोलस. चौथ्या शतकात तो आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप होता. फ्रान्समध्ये त्याची एक दंतकथा सांगतात. वाट चुकलेली तीन मुलं रात्री एका खाटकाच्या दारात आली. त्याने त्यांना घरात घेतलं, मारलं, तुकडे केले आणि आपण कैरीच्या फोडी मुरवतो तसे मीठ लावून पिंपात भरून ठेवले. सात वर्षांनी निकोलस तिथे जेवायला थांबला आणि म्हणाला, मला त्या पिंपातलंच मांस वाढ. खाटकाची पाचावर धारण बसली! संताने पिंपावर हात धरला आणि तिन्ही पोरं झोपेतून उठावीत तशी धडधाकट उभी राहिली.

युरोपातल्या जुन्या चित्रांत निकोलसच्या पायाशी ते पिंप असतं आणि त्यातून तीन उघडीवाघडी मुलं डोकावत असतात. निकोलस मुलांचा रक्षणकर्ता मानला जातो, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे. पिंप गाळून सांगितलेला सांता मला तरी अर्धाच वाटतो.

पुढचं मात्र खरोखर घडलेलं आहे. १०८७ साली इटलीतल्या बारी शहराचे खलाशी मायराला गेले, त्यांनी निकोलसची कबर फोडली आणि हाडं जहाजात घालून पळवून आणली. संताची हाडं गावात असली की यात्रेकरू येणार आणि गावाची भरभराट होणार, म्हणून हा दरोडा. उरलेले तुकडे नंतर व्हेनिसच्या लोकांनी नेले. विसाव्या शतकात बारीतली हाडं तपासून मोजली, आणि पुढे त्या मापांचा अभ्यास केल्यावर त्याचं नाक मोडलेलं होतं असं दिसलं. बारीतल्या त्याच्या कबरीत झिरपून साचणारं पाणी आजही दर मे महिन्यात काढतात आणि भाविक ते पवित्र मानतात.

आता आइसलंड. तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम चार-पाच तासांचा, बाकी सगळा काळोख. अशा काळोखात ग्रिला नावाची राक्षसीण डोंगरावरून उतरते, खोडकर मुलांना पोत्यात भरते आणि कढईत शिजवते. तिला तेरा मुलगे. एक चमचे चाटतो, एक सॉसेज लांबवतो, एक रात्रभर दारं आपटत फिरतो. शिवाय एक अगडबंब मांजर आहे. नाताळपर्यंत ज्याला नवा कपडा मिळाला नाही, त्याला ते खाऊन टाकतं. नाताळआधी लोकरीची कामं उरकावीत म्हणून हा धाक असायचा, असं म्हणतात. या तेरा पोरांचं नाव घेऊन मुलांना घाबरवू नये, असा हुकूमच १७४६ मध्ये निघाला. मुलं किती घाबरत असतील, विचार कर!

स्पेनच्या कॅटलोनियातला ओंडका मात्र माझा लाडका. लाकडाच्या ओंडक्याला डोळे-नाक रंगवतात, लाल टोपी घालतात, थंडी वाजू नये म्हणून पांघरूण घालतात आणि ८ डिसेंबरपासून रोज रात्री त्याला खाऊ घालतात. नाताळच्या आदल्या रात्री घरातली मुलं गाणं म्हणत त्याला काठीने बडवतात. मग पांघरूण उचललं की खाली मिठाई! ओंडक्याने शी केली म्हणायचं आणि ती खायची. तिथल्या येशूजन्माच्या देखाव्यातही एका कोपऱ्यात चड्डी खाली करून बसलेला एक गडी ठेवतात, आणि तो नसला तर देखावा पुरा झाल्यासारखा वाटत नाही.

बोलताना आधी पिंप घे, मग हाडं, मग कढई. ओंडका शेवटी ठेव, म्हणजे समोरचे सगळे हसत उठतील. आणि पहिलीतली पिल्लं बसलेली असतील तर तिन्ही मुलं जिवंत झाली हे मोठ्याने, दोनदा सांग.

तुझी,
आई