बॅटरी स्वतःच्या तोंडावर धरणाऱ्या भावाला

गस्तीवरच्या भावांनो,

हे पत्र खरं तर तुमच्यातल्या एकालाच आहे. पण नाव कुठे येऊ देऊ नका, असं त्याने आईकडून कबूल करून घेतलंय, म्हणून सगळ्यांनाच लिहिते.

आमचा मळा साक्री तालुक्यात, गावापासून दीड किलोमीटर. दादा गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. पौषात कांद्याची लागण झाली आणि आंबवणीचं पाणी द्यायच्या आदल्या रात्रीच विहिरीवरची केबल गेली. वर्षभरातली ही दुसरी खेप. स्टार्टरपाशी कापायची, ओढून न्यायची, नाल्यात जाळायची आणि आतलं तांबं किलोवर विकायचं, हे आपल्याकडे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. केबल परत घेता येते. पण त्या रात्री कुत्रं भुंकलं म्हणून आई ओट्यावर आली, तेव्हा कुणीतरी बॅटरीचा झोत थेट तिच्या डोळ्यांत मारला. कुणी काही बोललं नाही, हात लावला नाही. ती तशीच खांबाला धरून उभी राहिली, आणि झोत गेल्यावरही बराच वेळ तिला काही दिसत नव्हतं. समोर किती जण होते, ओळखीचे होते की परके, काहीच कळलं नाही.

त्यानंतर ती झोपलीच नाही म्हटलं तरी चालेल. कोयता उशाशी ठेवायची. दिवस मावळला की दाराला आतून पाटा लावायची.

मी नाशिकहून तीन चकरा मारल्या. ज्यांचं हे काम होतं त्यांनी पहिल्यांदा साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्यांदा विचारलं, केबल किती मीटर होती. तिसऱ्यांदा म्हणाले, म्हातारीला मळ्यात ठेवताच कशाला? घरच्या नातेवाइकांनीही तेच ऐकवलं. माझ्या आईने तिच्या घरात का राहू नये, याचं उत्तर एकानेही दिलं नाही. हा राग अजून माझ्या घशाशी आहे, तो इथे लपवत नाही.

मग तुम्ही उभे राहिलात. दिवसभर कुणी कापसाच्या गाडीवर, कुणी दूध डेअरीत, कुणी भरतीच्या तयारीत. पोलीस पाटलांनी वहीत नावं लिहून घेतली, पाळ्या पडल्या, शिट्ट्या आणि काठ्या आल्या. ना पगार, ना वर्दी. रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरणाऱ्यांना बांधावर सोबत झाली. हे सगळं मला फोनवर कळत होतं, आणि खरं सांगते, मला वाटायचं चार दिवस उत्साह राहील.

माघातल्या एका रात्री दोनच्या सुमाराला आईला पावलं ऐकू आली. तिने कोयता उचलला. दाराच्या फटीतून पाहिलं तर अंगणाच्या झाप्याबाहेर कुणीतरी थांबलेलं. आत आलं नाही. आणि मग त्याने बॅटरी लावली ती स्वतःच्या तोंडावर. म्हणाला, “माय, भिऊ नको. मी शे.” स्वतःच्या आजोबांचं नाव सांगितलं. तिने नीट बघून घेईपर्यंत तो बॅटरी हनुवटीखाली धरून तसाच उभा राहिला. मग शिट्टी वाजवली आणि पुढे गेला.

एवढंच. आई हे सांगते तेव्हा हातात जे असेल ते, लाटणं, नाहीतर मोबाइल, हनुवटीखाली धरून दाखवते. “त्यानी बॅटरी सोताना तोंडवर धरी वं,” असं मला निदान दहा वेळा सांगून झालंय. त्या रात्री तिने कोयता परत गोठ्यात खोचला. दुसऱ्या दिवशी फोनवर तिचा आवाज मला कित्येक महिन्यांनी पहिल्यासारखा वाटला.

झोत कुणाच्या डोळ्यांत मारायचा नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं? घरच्यांनीच शिकवलं असणार. माणसाला माणूस म्हणून वागवणं आईबापांच्या वागण्यातूनच अंगात उतरतं.

आणि चैत्रातली रात्र मी विसरणार नाही. ऊसतोडीहून परतणारा एक माणूस चुकीच्या फाट्यावर उतरला आणि अंधारात आपल्या शिवारात आला. त्याला नीट मराठी बोलता येत नव्हतं. दहा मिनिटांत वीस-पंचवीस जण काठ्या घेऊन जमले. आपल्याच तालुक्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला काय झालं, ते आपण विसरू शकत नाही. मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची, पोटासाठी फिरणारी माणसं होती ती. त्या रात्री तुम्ही गर्दीच्या आणि त्या माणसाच्या मधे उभे राहिलात. खाटेवर बसवलंत, पाणी दिलंत, ११२ ला फोन लावलात. आणि त्याला काही विचारायच्या आधी बॅटरी पुन्हा स्वतःच्याच तोंडावर धरलीत, असं ऐकलं. ऐकताना मला रडू आवरेना. चोर पकडणारे गावोगाव मिळतील. पण ज्याच्याकडे बघून परका माणूस आणि एकटी म्हातारी, दोघंही निश्वास टाकतात, तो राखणदार कुठे मिळतो?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येतेय. आईने खापर काढून, घासून ठेवलंय, आंबे अढीत आहेत. मांडे तुमच्यासाठी होणार आहेत, आणि “नको ताई, कशाला” असलं काही मी ऐकणार नाही. सगळ्या पाळ्या मिळून किती जण आहात, तेवढं परवापर्यंत आईला सांगा. त्या हिशोबाने गहू ओलवून दळायला टाकायचेत.

तुमची,
मळ्यातली ताई