नळीला माया ठेव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर मुद्दाम लांबवलं, कारण तिसरा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनचा धूर टर्बोकडे नेणारा नळ्यांचा जुडगा, उतरवून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तुला काही सांगायची माझी हिंमत नव्हती. काल उतरवला, शाबूत आहे. आता लिहितो.

तू विचारलंस एवढंच, की वेल्डिंगच्या जोडात वितळवायचा फिलर रॉड कुठला घेऊ. 304 जातीच्या स्टेनलेसला 308 एल. स्टेनलेस आणि साधं लोखंड जोडायचं असेल तिथे 309 एल. संपला प्रश्न. पण त्याच्या पुढच्या ओळीत तू लिहिलंयस, 'टर्बोपासून मागच्या सायलेन्सरपर्यंत सगळं एकजीव, दणकट करून टाकतो.' ते वाचून पोटात गोळा आला. अरे, मी शब्दशः हेच केलं होतं.

पहिला मॅनिफोल्ड जेमतेम दोन महिने टिकला. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की टिक-टिक-टिक, आणि पाच मिनिटांत आवाज गायब. माझा संशय इंजिनच्या व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या टॅपेटवर. ऑइल बदललं, टॅपेटचं अंतर तपासलं, सगळं जागच्या जागी. मग बूस्ट, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा टर्बो इंजिनात कोंबतो तो हवेचा दाब, उशिरा यायला लागला, आणि स्कॅनर लावला तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, सतत जास्तीचं पेट्रोल सोडत होता. शेवटी हीट शील्ड काढलं. चारही नळ्या जिथे एकत्र येतात तिथे खालच्या अंगाला केसाएवढी भेग, आणि तिच्या काठाने काजळीचा काळा फराटा, कोवळ्या मिशीसारखा. तापल्यावर धातू फुगायचा, भेग मिटायची, म्हणून आवाज जायचा. इंजिन निवांत चालताना धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे त्याच भेगेतून बाहेरची हवा आत खेचली जायची. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला वाटायचं, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालं. ईसीयू बिचारा त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवायचा.

तो जोड कापून आत पाहिलं तर लाज वाटली. बाहेरून टाक्यांवर टाके नाण्यांच्या चळतीसारखे पडलेले, आणि आतून काळं, खडबडीत, वारूळच. तापलेल्या स्टेनलेसला आतल्या बाजूने हवा लागली की असं होतं. बाहेरून वेल्डिंगच्या टॉर्चमधला आर्गॉन वायू राखतो, आतून कोण राखणार? म्हणून आतही आर्गॉन भरायचा. नळीची तोंडं ॲल्युमिनियमच्या टेपने बंद कर, एका टोकाने गॅस सोड, दुसऱ्या टोकाला टाचणीने दोन-तीन भोकं पाड. हवा पूर्ण निघून जायला वेळ दे, घाई केलीस की वारूळ आलंच. टॉर्चला मी मिनिटाला 10 लिटरच्या आसपास ठेवतो, आत त्याहून कमी. जास्त दाबाने सोडलास तर शेवटचा टाका मारताना वितळलेला धातू आतून बाहेर फुंकला जातो. वेल्डचा रंग फिकट सोनेरी आला तर खूश हो, निळसर चालेल, राखाडी आला की समज, जास्त तापवलंस.

दुसरा मॅनिफोल्ड असा नीट केला. आतून-बाहेरून आरशासारखा. आणि महिनाभरात तोही फुटला, जवळपास त्याच जागी! फरक एवढाच की या वेळी भेग वेल्डमध्ये नव्हती, वेल्डच्या शेजारी सख्ख्या नळीत होती. तेव्हा डोक्यात उजेड पडला. वेल्डिंगला शिव्या घालत बसलो होतो, आणि दोष वेल्डिंगच्या आधीच्या आखणीत होता.

शिंपी कापड बेतताना शिवणीत माया सोडतो ना, तशी माया मी कुठेच सोडली नव्हती. हिशेब करून बघ. 304 ची अर्धा मीटर नळी 700 अंशांनी तापली की सुमारे 6 मिलिमीटर लांब होते. साधं लोखंड तेवढ्याच उष्णतेत साडेचारच्या आसपास. पेट्रोल इंजिनच्या टर्बोत शिरणारा गॅस जोरात चालवताना 900 अंशांच्या घरात जातो. म्हणजे गाडी चालवताना ही वाढ दरवेळी होणार, आणि गाडी थांबली की तेवढंच आकसणार. मी त्या नळीला एका टोकाला इंजिनच्या हेडला आवळलं होतं आणि दुसरीकडे टर्बोतून धूर खाली नेणारा डाउनपाइप थेट चॅसिसला. त्यातून इंजिन रबरी माउंटवर बसलेलं, ॲक्सिलरेटर दाबला की ते डुलतं. चॅसिस डुलत नाही. मधे बिचारा टर्बो लटकलेला, त्याचं सगळं वजन त्या एका जोडावर. फुटेल नाही तर काय करेल?

तिसऱ्या वेळी काय बदललं ते सांगतो. टर्बोला खालून एक ब्रॅकेट दिला, इंजिनच्या ब्लॉकवरून. चॅसिसवरून नाही, म्हणजे टर्बो आणि इंजिन एकत्र डुलतील. टर्बोनंतर लगेच डाउनपाइपमध्ये जाळीदार बेलोज, म्हणजे वाकणारा घडीदार तुकडा, टाकला. बेलोज वाकतो, पण त्याला पीळ सोसत नाही आणि वजनही सोसत नाही, म्हणून त्याच्या मागच्या नळीला स्वतंत्र रबरी हँगर हवा. हेडला आवळायच्या जाड पट्टीला, म्हणजे फ्लँजला, दोन-दोन पोर्टच्या (धुराच्या भोकांच्या) मधे करवतीने चीर दिली, आणि टोकाच्या स्टडची, म्हणजे आवळायच्या बोल्टांची, भोकं थोडी लांबट केली. स्टडच्या भोकाचं काय एवढं असं वाटेल, पण फ्लँज तापून वाढतो तेव्हा टोकाचे स्टडच कातरले जातात. त्या चिरा पाहून आमच्या वर्कशॉपमधला एक म्हातारा म्हणाला, 'एवढा जाड फ्लँज घेऊन तो कापून का टाकलास?' त्याला आजवर पटलेलं नाही. काल उतरवलेला मॅनिफोल्ड त्याच्या बाकावर मुद्दाम ठेवून आलोय.

बाकी, तू जे कापतोयस ते घाईने कापू नकोस. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळ, तिच्या कडा एकमेकींवर बरोबर बसल्या की त्या कडेने मार्करने रेघ मार. ती रेघ काटकोनात असतेच, गुण्या लागत नाही. कापल्यावर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून तोंड घास. मग दोन नळ्या जुळवून एकीत बॅटरी घाल. जोडातून उजेडाची रेषाही दिसली तर परत घास. टिग वेल्डिंगला फट आवडत नाही. फट भरायला जितका फिलर घालशील, तितकी नळी ओढली जाऊन वाकडी होईल.

टाके गाडीवर मार, पूर्ण वेल्डिंग टेबलावर. टाके मारायच्या आधी गाडीच्या बॅटरीच्या दोन्ही वायरी काढ, आणि वेल्डिंग मशीनच्या अर्थचा चिमटा टाक्याच्या अगदी शेजारी लाव. टर्बोच्या पलीकडे लावलास तर करंट त्याच्या बेअरिंगमधून जाईल. खरं म्हणजे टर्बो जागेवर नकोच, त्याच्या मापाचा जुना फ्लँज बसव. पूर्ण वेल्ड मारताना फ्लँज भंगारातल्या जुन्या हेडला आवळून ठेव, आणि एकेक इंच समोरासमोर मारत जा. तरीही मला शेवटी पट्टी लावल्यावर एका टोकाला फट मोजायच्या फीलर गेजची 0.3 मिलिमीटरची पाती आत गेली. फ्लँज मशीनवर घासून घ्यावा लागला. तो जाड घेण्याचं कारण हेच.

ऑक्सिजन सेन्सरचा बॉस, म्हणजे तो फिरवून बसवायची कडी, 18 मिलिमीटर आट्यांचा, 1.5 पिचचा. वेल्ड मारताना त्यात एक जुना सेन्सर फिरवून ठेव, नाहीतर आटे वाकडे होतात. सेन्सर आडवा बसवू नकोस, वायरीकडचं टोक थोडं वर उचललेलं हवं. नळीत जमलेलं पाणी तापलेल्या सेन्सरला लागलं तर आतलं सिरॅमिक तडकतं. टर्बोच्या ऑइलची परतीची नळी सरळ खाली उतरू दे. ते ऑइल दाबाने परत येत नाही, आपल्या वजनाने येतं.

एक गोष्ट मात्र दटावून सांगतो. वेल्डच्या आधी तेलकटपणा पुसायला ॲसिटोन घे, आणि ते पूर्ण उडून जाऊ दे. ब्रेक क्लीनर हाताशी असला तरी त्याला शिवू नकोस. क्लोरीन असलेलं ब्रेक क्लीनर आणि आर्क यांच्यातून फॉस्जीन तयार होतो, तो जीव घेतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप स्वस्तात मिळाला तरी नको, जस्ताच्या धुराने माणूस तापाने फणफणतो. आणि सगळं झाल्यावर मॅनिफोल्ड उलटा करून हातोडीने ठोक. माझ्या तिसऱ्यातून बाजरीच्या दाण्याएवढे दोन लोखंडी मणी पडले. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फिरतं, तो दाणा त्याच्यात गेला असता तर? मी अर्धा तास ठोकत बसलो.

कापडी रॅप गुंडाळायचा तुझा विचार दिसतो. तुझी मर्जी, पण मी नाही गुंडाळत. तो ओल धरून ठेवतो, नळीचं तापमान आणखी चढवतो, आणि भेग पडली तरी दिसू देत नाही. त्यापेक्षा साधं पत्र्याचं शील्ड बरं.

तर नळ्या काप, टाके मार, पण बेलोजच्या पुढचा जोड मोकळा ठेव. मी येत्या रविवारी येतो. एकाने स्टार्टर मारून इंजिनला झटके द्यायचे आणि दुसऱ्याने खाली झोपून पाहायचं की ते किती डुलतं, नळी कुठे घासते. तुला एकट्याला जमणार नाही. खाली मीच झोपतो, तू फक्त गाडी न्यूट्रलमध्ये ठेव. मागच्या वेळची आठवण आहे ना?

तुझाच,
तिसऱ्यांदा शहाणा झालेला