'नॅचरल टोनिंग' म्हणून विकलेल्या सयाजीरावांच्या रुपयाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार,

तुमच्या मागच्या ऑनलाइन लिलावातून मी बडोदा संस्थानचा चांदीचा रुपया घेतला, सयाजीराव तिसरे, संवत १९५२, म्हणजे १८९५ च्या आसपासचा. वर्णनात तुम्ही लिहिलं होतं 'ओरिजिनल नॅचरल रेनबो टोनिंग' (म्हणजे वर्षानुवर्षांत नाण्यावर आपोआप चढलेले इंद्रधनुषी रंग) आणि ह्या चार शब्दांपायी मी साध्या रुपयाच्या जवळजवळ तिप्पट पैसे मोजले. नाहीतर आम्हा बडोदेकरांना हा रुपया काही नवलाचा नाही, जुन्या मराठी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात सापडतो (तिथे टोनिंग टिकत नाही ते सोडा, आमच्या मावशीने चिंच लावून दोन मिनिटांत पांढराशुभ्र केला असता).

नाणं आलं, खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरलं आणि डोकंच फिरलं. हा रंग चढवलेला आहे. चांदीवर हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो, तो जाड होत जातो तसा रंग बदलतो, आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, मग किरमिजी-जांभळा, मग निळा, आणि थर फारच जाड झाला की काळा. पाण्यावर सांडलेल्या तेलात रंग दिसतात ना, तसाच हा प्रकाशाचा खेळ, त्यामुळे क्रम ठरलेला असतो. पिवळ्यातून निळ्यात जायचं तर मधे जांभळी झाक पाहिजेच. ह्या रुपयावर पिवळा संपतो तिथे थेट भडक निळा सुरू होतो, तोही सरळ महाराजांच्या गालावरून आडवा गेलेला, अक्षरं नाही, उठाव नाही, कशाची पर्वा नाही. जुन्या पाकिटात नाहीतर अल्बमच्या कागदात वर्षानुवर्षं पडलेलं नाणं बहुतेक वेळा कडेकडून रंगत आत येतं आणि तिरकं केलं की रंगाखालून लस्टर, म्हणजे टाकसाळीतली मूळ चकाकी, फिरताना दिसतं. इथे लस्टर मेलेलंय, खाली घासल्याच्या बारीक रेघा आहेत आणि निळा रंग नेमका त्या रेघांत साचलाय. म्हणजे आधी घासलं, मग रंगवलं.

आता मुख्य गोष्ट. हाच रुपया तुम्ही गेल्या वर्षीच्या लिलावातही विकलाय, फोटो अजून तुमच्याच साइटवर आहे. गालावरचा तिरका ओरखडा तोच, कडेचा खड्डाही तिथेच, फरक एवढाच की त्या फोटोत नाणं पांढरं स्वच्छ आहे. एवढ्या काळात कॅप्सूलमधल्या, म्हणजे प्लास्टिकच्या बंद डबीतल्या, नाण्यावर असं इंद्रधनुष्य आपोआप उगवत नाही, लिव्हर ऑफ सल्फर (चांदी काळी करायचं गंधकाचं रसायन) लावलं नाहीतर गंधक लावून गरम केलं की उगवतं. मधल्या काळात ते कोणाकडे होतं ते तुमच्या रजिस्टरमध्ये असेलच, मला विचारू नका. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून ह्या पत्राला जोडलेत.

तुमच्या कस्टमर केअरने उत्तर दिलं की टोनिंग हा ज्याच्या त्याच्या मताचा विषय आहे. काही नाण्यांच्या बाबतीत ते खरं आहे, जाणकारही भांडतात, पीसीजीएस-एनजीसी ह्या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्याही रंग संशयास्पद वाटला तर ग्रेडचा आकडा न देता 'डिटेल्स' लिहून नाणं परत करतात. पण मग विकताना 'नॅचरल' हे मत म्हणून का नाही लिहिलंत? पैसे घेताना खात्री आणि परत मागितले की मत, असं चालणार नाही. 'कॅप्सूल उघडली म्हणून रिटर्न नाही' हेही तुमचं म्हणणं मला मान्य नाही, बंद कॅप्सूलमधून रेघा बघायच्या तरी कशा?

२०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यावा लागतो, आणि वस्तू जाहिरातीप्रमाणे नसेल तर विकणाऱ्याला ती परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. तेव्हा मला पूर्ण रक्कम, कमिशन आणि कुरिअरसकट परत हवी, नाणं न्यायचा खर्चही तुमचा. आणि हे नाणं पुन्हा लिलावात आलं तर 'आर्टिफिशियल टोनिंग, क्लीन्ड' असं स्पष्ट लिहा, दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारू नका. मुदतीत उत्तर आलं नाही तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक आयोगात जाणार आहे, दोन्ही फोटोंसकट.

आपला ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदा