टीव्ही फोडून टाक म्हणत नाही रे, जेवताना बंद कर म्हणते

चि. मंगेश,

अनेक आशीर्वाद. फोनवर विषय काढला की तू "हो गं आई, बघतो" म्हणतोस आणि लगेच पाऊस किती पडला ते विचारतोस, म्हणून हे टाईप करून पाठवतेय, लोकलमध्ये वाच, डोंबिवली ते सीएसटी वेळ असतो तुला. प्राचीलाही दाखव, पण ही तिची तक्रार नाही हं, आधीच सांगते. दोघं नोकऱ्या करता, दमून घरी येता, कुकर लावेपर्यंत पोर टीव्हीसमोर गप बसली तर हात मोकळे होतात हे काय मला कळत नाही? मी पण अंगणवाडी सांभाळूनच तुम्हा भावंडांना वाढवलंय.

पण मे महिन्यात आलात तेव्हा चिऊला जेवताना बघितलं ते काही डोक्यातून जात नाही. कार्टून लावलं की तोंड उघडतं, बंद केलं की मिटतं. घास गालात तसाच धरून ठेवलेला, चावायचं नाव नाही, नजर त्या गाड्यांच्या कार्टूनवर, आणि प्राची बोटाने गाल दाबून "गिळ बाळा गिळ" करतेय. अशाने पोट भरलं की नाही हे त्या पोरीला स्वतःला कधी कळणार? वाटीत उरलं म्हणून आपण भरवतो, ती गिळते, झालं जेवण. आणि दुसरं म्हणजे टीव्हीसमोर मासा भरवता येत नाही, काट्याकडे लक्ष कोण देणार, म्हणून रोज आपला दूधभात नाहीतर वरणभात. अरे हर्णैची नात, आजोबा बोटीचे तांडेल, आणि अडीच वर्षांची झाली तरी मांदेली कशाशी खातात ते माहीत नाही! तू लहान असताना बांगड्याचा मधला काटा स्वतः ओढून काढायला बघायचास, तोंडभर मसाला, अर्धा मासा मांजरीला, पण जीव सगळा ताटात.

टीव्हीवर काय काय वाईट दाखवतात यावर सगळे बोलतात, माझं म्हणणं ते नाहीच. चिऊ बघते त्यात वाईट काय आहे, गाणी आहेत, एबीसीडी आहे. प्रश्न हा की तो वेळ कुठून आला. बोलण्यातून आला. अमेरिकेत २००९ साली एक अभ्यास छापून आला होता, दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावले, दिवसभरात घरातली मोठी माणसं मुलाच्या कानावर किती शब्द घालतात ते मोजलं. तर टीव्हीचा आवाज येत असलेल्या एकेका तासामागे ७७० शब्द कमी भरले. म्हणजे मूल टक लावून बघत असो नाहीतर खेळत असो, आवाज चालू असला की आपणच गप होतो, आपली नजर पण तिकडे. तुमच्याकडे सकाळी दूध आल्यापासून चालू असतो, सहा तास धरले तरी साडेचार हजारांच्या वर शब्द गेले की रे पोरीचे, रोजचे. आणि टीव्ही कितीही बोलला तरी चिऊ "आजी, ते काय?" म्हणाली तर तो काही थांबून उत्तर देत नाही.

अंगणवाडीत मी हे बघतेय. एक पोरगा येतो, नाव नाही सांगत, जाहिराती पाठ आहेत त्याला, हिंदीत, चालीसकट, पण तहान लागली तर पाणी दे म्हणता येत नाही, माझा पदर ओढतो आणि माठाकडे बोट दाखवतो. आता टीव्हीने ऑटिझम होतो वगैरे व्हॉट्सअपवर फिरतं ते मी म्हणत नाहीये, आणि बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाला टीव्हीनेच झालंय असंही नसतं, आधी कान तपासायचे असतात. आरबीएसकेचे, म्हणजे सरकारी बाल आरोग्य तपासणीचे डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात तेव्हा त्याला मी दाखवलाच. पण घरी टीव्ही कमी करायला सांगितला तर त्याची आई म्हणते "मग जेवणार कसा?" सगळीकडे हेच, दापोलीत काय आणि डोंबिवलीत काय.

नियम विचारशील तर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नाही, एक ते दोन वर्षात पण नकोच, आणि दोन ते चार वर्षात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं पण तेच, दोन वर्षांखाली काही नाही, फक्त अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो. म्हणजे बघ, माझा कॉल चालतो. आणि तो एक तास मोबाईल, टॅब, टीव्ही सगळं मिळून बरं का, टीव्ही बंद करून हातात मोबाईल दिलास तर काय उपयोग.

जवळ बसून डोळे जातात म्हणून तू तिला सारखा मागे ओढत होतास, त्याचं एवढं नाही. सारखी जवळच जात असेल तर लांबचं नीट दिसतं ना ते एकदा दाखवून घे डॉक्टरला. डोळ्यांना खरं लागतं ते बाहेरचं ऊन, दिवसा उजेडात खेळणाऱ्या मुलांना चष्मा कमी लागतो. तिला खाली ने सोसायटीत, चिखलात खेळू दे, कपडे धुता येतात.

आता तुझे पप्पा. बोटीवरून उतरल्यापासून त्यांचा मुक्काम सोफ्यावर. सध्या मासेमारीला बंदी आहे ३१ जुलैपर्यंत, सगळ्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत बांधल्यात, त्यामुळे बाकीचे पण तिघं-चौघं दुपारचे येऊन बसतात आणि सगळे मिळून बातम्या. एकच बातमी दहा वेळा, खाली पट्टी, वर पट्टी, मधे भांडण. मग संध्याकाळी मला सांगतात देशाचं काही खरं नाही. शुगर वाढलीये हे तुला सांगितलंच होतं. उपकेंद्रातल्या मॅडमनी त्यांना गोळ्यांबरोबर बसणं कमी करायला सांगितलं. अमेरिकेतल्या पन्नास हजारांहून जास्त नर्सेसचा अभ्यास २००३ मध्ये आला होता, त्यात दिवसाला दोन तास जास्त टीव्ही म्हणजे डायबेटीसचा धोका १४ टक्के जास्त आणि लठ्ठपणाचा २३ टक्के, व्यायाम किती करतात ते हिशोबात धरूनसुद्धा. त्या बायका होत्या, हे पुरुष आहेत असं पप्पांचं त्यावर उत्तर. काय बोलायचं? जन्मभर जाळी ओढलेला माणूस, आता रिमोट पण मला द्यायला सांगतो.

पाऊस जोराचा आला की डिशचा सिग्नल जातो, तेवढाच आमचा संवाद. २०२० ला निसर्ग वादळ झालं, ३ जूनला, तेव्हा कितीतरी दिवस लाईट नव्हती आठवतंय? तू तिकडे लॉकडाऊनमध्ये अडकलेला. मला ते दिवस परत नकोत हं, नारळी पोफळी आडव्या, घरावर कौल राहिलं नव्हतं, कोणी म्हणेल टीव्ही नव्हता म्हणून किती छान होतं तर त्याला इकडे आणून दाखवायला हवं. पण रात्री अंगणात बसून पप्पांनी शेजारच्या पोरांना वाऱ्यांची नावं शिकवली होती, कुठल्या वाऱ्याला कुठे जायचं नाही ते, तुला पण नाहीत माहीत ती, विचार एकदा.

तुझं पण आहेच. रात्री एक वाजता "ऑनलाईन" दिसतोस तू मला. आमच्या वेळी रामायण लागायचं रविवारी सकाळी, संपलं की संपलं, लोक उठून कामाला. आता तुमचा पुढचा एपिसोड आपला आपण सुरू होतो, तुला विचारतो पण नाही. त्या उजेडाने झोप लांबते, मग सकाळी चिडचिड, ती प्राचीवर निघते, नको सांगायला.

माझं मागणं फार नाही. जेवताना टीव्ही बंद, सगळ्यांचा, तुझी मॅच असली तरी. चिऊ दोन-तीन दिवस रडेल, एखाद वेळ कमी जेवेल, भूक लागली की खाईल, वजन मी बघितलंय तिचं, व्यवस्थित आहे, घाबरू नका. कोणी बघत नसेल तर चालू ठेवायचा नाही. आणि बेडरूममधला काढून टाक, तो हप्त्यावर कशाला घेतलास देव जाणे. स्वयंपाक करताना तिला ओट्याखाली बसव, कांदे बटाटे दे, डबे दे, आपटेल, आपटू दे, तिच्याशी बोल म्हणावं प्राचीला, "हा कांदा, आता चिरते, डोळ्यात पाणी" एवढं पुरतं.

गणपतीला याल तेव्हा तिला मांदेली मी भरवणार, काटे काढून, ओटीवर बसून. सुकट आणि सोडे करून ठेवलेत, ट्रॅव्हल्सवाल्याकडे देते शनिवारी, घ्यायला जा, गेल्या वेळसारखं ऑफिसात आहे म्हणू नकोस.

आणि हो, पप्पांच्या डिशचा रिचार्ज संपलाय. तुझ्या मोबाईलवरून भरायला सांगतील, तर तुझं ॲप चालत नाहीये म्हणून सांग. मी काही बोललेय ते सांगू नकोस.

तुझी आई