तारखेचा मेसेज मराठीत द्या

संपादक महोदय,

शेजारच्या ताई घरोघरी पोळ्या करतात. त्यांचा पोटगीचा अर्ज कुटुंब न्यायालयात आहे. परवा त्यांनी पिठाचे हात पदराला पुसून मोबाइल माझ्यापुढे धरला. इंग्रजी मेसेज बँकेची जाहिरात समजून दोन दिवस तसाच पडला होता. तो तारखेचा होता आणि तारीख दुसऱ्याच दिवशीची!

ई-कोर्ट्स अ‍ॅपवर 16 अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख घरबसल्या कळते. सोय उत्तमच आहे. पण तिथे दिसणाऱ्या ‘डिस्पोज्ड’ या शब्दाचा अर्थ प्रकरण निकाली निघाले, हे ताईंना कोण सांगणार? 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यानुसार तिथे वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क नाही. माणसाने आपली बाजू स्वतः मांडावी, हीच अपेक्षा. मग त्याला समजेल ती भाषा नको का?

आज अशा बायका सायबर कॅफेत जातात. नवऱ्याची मारहाण, मुलांचा ताबा, सगळे कागद अनोळखी पोराच्या हाती देतात. मला याचे फार वाईट वाटते.

तारखेचे मेसेज मराठीत यावेत. न्यायालयातल्या ई-सेवा या मदत केंद्रात शेजारी बसून अर्ज भरून देणारी, शक्यतो महिला, कर्मचारी असावी. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100 आहे, हे ताईंना ठाऊकच नव्हते. एवढा मजकूर तरी न्यायालयाच्या दारावर ठळक मराठीत लावावा.

– एक वाचक, सातारा