केतकीला, गळ्याच्या सुजेबद्दल

चि. केतकी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे रक्ताचे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट दोनदा वाचले. फोनवर तू "ऑपरेशन करावं लागेल का, तेवढंच सांग" एवढंच धरून बसलीस, बाकी काही ऐकूनच घेतलं नाहीस, म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाच. वॉर्डात नोकरी करताना थायरॉइडचे कितीतरी पेशंट ऑपरेशनच्या आधी आणि नंतर जवळून पाहिले, तरी स्वतःच्या लेकीच्या गळ्यावर सूज दिसली तेव्हा पोटात गोळा आलाच. रिपोर्ट वाचल्यावर मात्र जीव भांड्यात पडला. का पडला ते सांगते.

थायरॉइड का वाढली हे कळल्याशिवाय तिच्यावर औषध ठरत नाही. कारणं बरीच आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी. एकाला आयोडीन कमी पडलेलं असतं, दुसऱ्याला तेच आयोडीन बाधतं. कुणाचा हार्मोन कमी पडतो म्हणून गोळी, कुणाचा फार होतो म्हणून तो दाबणारी गोळी, आणि कित्येकांना काहीच द्यायचं नसतं, नुसतं लक्ष ठेवायचं. म्हणून तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं सुचवलेले "गाठ बसवणारे" आयोडीनचे थेंब आधी बाजूला ठेव. त्यांच्याबद्दल पुढे लिहितेच.

निरोगी मोठ्या माणसाची ही ग्रंथी साधारण १५ ते २५ ग्रॅमची, श्वासनळीवर पुढून बसलेली, दोन बाजूंना दोन खंड आणि मध्ये पातळ पूल. ती स्वरयंत्राला आवरणानं बांधलेली असते, त्यामुळे आपण गिळलं की ती वर जाते. आरशासमोर उभी राहा, हनुवटी जराशी वर कर, पाण्याचा घोट तोंडात घे आणि गिळताना गळ्याच्या खालच्या भागाकडे बघ. घोटाबरोबर सूज वर सरकून खाली आली तर ती थायरॉइडची, हे बहुतेक वेळा बरोबर निघतं. तू पाठवलेल्या व्हिडिओत ती तशीच सरकते, दोन्ही बाजूंनी, मऊसर दिसते. डॉक्टरही पेशंटला पाण्याचा ग्लास देऊन आधी हेच बघतात. घरी रोज दाबून बघायची मात्र सवय लावून घेऊ नकोस, त्यानं काही कळत नाही आणि मनाला घोर तेवढा लागतो.

आता तुझा टीएसएच. आला ८.२, आणि बहुतेक लॅबमध्ये वरची मर्यादा ४ ते ४.५ च्या आसपास असते. टीएसएच हा हार्मोन थायरॉइडचा नव्हे, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा. रक्तात थायरॉइडचा हार्मोन कमी वाटला की पिट्युटरी टीएसएच वाढवते, म्हणजे थायरॉइडला काम वाढव म्हणून हाका मारते. त्या हाकांनी ग्रंथीचं काम वाढतं आणि तिच्या पेशीही वाढतात. तुझा फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातला थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन, अजून नॉर्मल आहे. म्हणजे ग्रंथी थकू लागली आहे, पण ओढाताण करून का होईना, काम पुरं पाडते आहे. तुला हल्ली लागणारी थंडी, संध्याकाळी अंग गळून जाणं, पाळीत जास्त जाणं, हे या चित्रात बसतं. पण हीच लक्षणं रक्त कमी असलं तरी होतात, तेव्हा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघून घेच. सगळं थायरॉइडच्या माथी मारू नये.

सोनोग्राफीवाल्यांनी लिहिलंय की दोन्ही खंड सारखेच वाढलेत आणि ग्रंथीचा पोत एकसारखा नाही. टीएसएच वाढलेला आणि ग्रंथी अशी दिसणारी, म्हटल्यावर माझ्या मनात पहिलं नाव हाशिमोतोचं आलं. जपानचे डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली हा आजार पहिल्यांदा नीट वर्णन करून ठेवला. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच थायरॉइडवर उलटते, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी ग्रंथीत शिरून बसतात, त्यानं ती सुजते आणि हळूहळू तिची हार्मोन करायची ताकद कमी होते. बायकांत हे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त, आणि घराण्यात उतरतं. तुझ्या थोरल्या मावशीला तेच आहे, ती वर्षानुवर्षं गोळी घेते आणि तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कामं उरकते. अँटी-टीपीओ नावाची, थायरॉइडवर उलटलेल्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी करून घे. ती पॉझिटिव्ह आली की शंका उरत नाही. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस थांबव. बायोटिननं थायरॉइडचे आकडे खोटे येतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

तू ज्या ओळीनं घाबरलीस ती ओळ म्हणजे "डाव्या खंडात ८ मिलिमीटरची गाठ, टायरॅड्स ३". सोनोग्राफीचं यंत्र इतकं बारीक बघतं की धडधाकट माणसांचे गळे तपासले तरी अशा गाठी ढिगानं सापडतात. थायरॉइडच्या शंभर गाठींमधल्या नव्वदाहून जास्त साध्या असतात. टायरॅड्स म्हणजे गाठ कशी दिसते यावरून दिलेली पायरी. १ आणि २ ला काळजी नाही, ५ ला सगळ्यात जास्त. ३ म्हणजे कॅन्सरचा संशय फारच थोडा. या पायरीवरच्या गाठीत सुई घालून तपासणी, म्हणजे एफएनएसी, ती अडीच सेंटिमीटरची झाली की सुचवतात. तुझी एक सेंटिमीटरचीही नाही. तिच्यासाठी कुणी तडकाफडकी सुई किंवा ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे. हेही सांगून ठेवते: गाठ आठवड्या-आठवड्याला भराभर वाढली, दगडासारखी कडक लागली, आवाज बसला तो खुललाच नाही किंवा मानेत बाजूला दुसऱ्या गाठी लागल्या, तर थांबायचं नाही. लहानपणी मानेला रेडिएशन झालेलं असणं, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झालेला असणं, हेही डॉक्टर विचारतात. आपल्याकडे दोन्ही नाही.

आता आयोडीन. जगभरात गलगंडाचं सगळ्यात मोठं कारण आयोडीनची कमतरताच होतं, आणि जिथे माती-पाण्यात ते नाही तिथे आजही आहे. थायरॉइडच्या हार्मोनचा कणच आयोडीन घालून बनतो: टी-फोरमध्ये त्याचे चार अणू, टी-थ्रीमध्ये तीन. ते मिळालं नाही की हार्मोन होत नाही, टीएसएच वाढतो आणि ग्रंथी फुगत जाते. अमेरिकेत ओहायोच्या अ‍ॅक्रन गावात डेव्हिड मरीन यांनी १९१७ पासून शाळकरी मुलींना सोडियम आयोडाइड देऊन दाखवलं की ज्या घेतात त्यांना नव्यानं गलगंड जवळपास होतच नाही. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडनं मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात १९५६ पासून रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, गलगंड कमी होताना दिसला, आणि त्याच बळावर १९६२ साली गलगंड रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. साध्या मिठानं इतक्या माणसांचं आयुष्य सुधारावं, इतक्या मुलांची बुद्धी वाचावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण हे सगळं ज्यांना आयोडीन कमी पडतं त्यांच्यासाठी. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदरपणात २५०, आणि आयोडीनयुक्त मीठ रोज पोटात जाणाऱ्या माणसाला ते सहसा मिळतं. तुझ्या मैत्रिणीच्या थेंबांत किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलमध्ये त्याच्या कित्येक पट असू शकतं. हाशिमोतो असेल तर जादा आयोडीननं ग्रंथी आणखी मंदावते. जुन्या गाठींच्या गलगंडात उलटंच होतं, हार्मोन एकदम उसळतो. हे १८२० पासून माहीत आहे. जिनिव्हाच्या क्वांदे या डॉक्टरांनी तेव्हा गलगंडावर आयोडीन द्यायला सुरुवात केली, सुजा उतरल्याही, पण काही पेशंटची छाती धडधडायला लागली आणि वजन झरझर उतरलं. दोनशे वर्षं जुना धडा आहे हा. ते थेंब परत देऊन टाक.

हार्मोन जास्त होण्याची दुसरी बाजू तुझी नाही, पण ग्रंथी त्यातही वाढते, म्हणून थोडक्यात. ग्रेव्हज् आजारात शरीरात तयार झालेली अँटिबॉडी टीएसएचची जागा घेऊन थायरॉइडला अखंड पळवते. हात थरथरतात, घाम फुटतो, काहींचे डोळे पुढे येतात. त्यावर कार्बिमाझोलसारखी गोळी, सहसा वर्ष-दीड वर्ष. ही गोळी चालू असताना ताप आला किंवा घसा खूप दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. क्वचित त्या एकदम घसरतात आणि मग जीवावर बेतू शकतं. अशा पेशंटला घरी सोडताना मी हे दोन-दोनदा म्हणून घ्यायची, त्याच्याकडून आणि त्याच्या घरच्यांकडून. गोळीनं भागलं नाही तर रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन, असतं, तेही गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला कधीच नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. ऑपरेशन कधी? ग्रंथी श्वासनळीवर किंवा अन्ननलिकेवर दाब देत असेल, घास अडकत असेल, आडवं झालं की श्वास कोंडत असेल, ग्रंथी छातीच्या हाडामागे उतरली असेल, कॅन्सर असेल किंवा त्याचा पक्का संशय असेल. दोन्ही हात वर करून कानाजवळ मिनिटभर धरले की चेहरा लाल होऊन जड वाटतो का, हे डॉक्टर करून बघतील. ग्रंथी आत उतरलेल्यांना तसं होतं. तुला यातलं काही नाही. तुझी फक्त दिसते आहे, आणि दिसण्यासाठी गळा चिरायचा मी तरी सल्ला देणार नाही.

ऑपरेशन वाईट असतं म्हणून हे म्हणत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोखर यांनी ते इतकं सुरक्षित केलं की १९०९ चं नोबेल त्यांना थायरॉइडच्या कामासाठी मिळालं. पण त्याच कोखरनी १८८३ मध्ये मांडलं होतं की ज्यांची अख्खी ग्रंथी काढली ते पुढे सुस्त, सुजलेले, मंद होत गेले. आज त्यांना रोजची गोळी मिळते, तरी तिच्यावर जन्मभर राहावं लागतं. ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते आणि तिथेच तांदळाएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, ज्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. म्हणून ऑपरेशनच्या रात्री ड्युटीवरची सिस्टर पेशंटला पुन्हा पुन्हा बोलतं करते. आवाज घोगरा आहे का, पाण्याचा ठसका लागतो का, हे त्यावरून समजतं. आणि विचारते, "ओठांभोवती मुंग्या येतात का? बोटं बधिर वाटतात का?" हो म्हणाला की लगेच कॅल्शियमसाठी रक्त. एकीकडे ड्रेसिंगखाली मान फुगतेय का यावर डोळा, कारण आत रक्त साचलं तर श्वास मिनिटांत अडू शकतो. हे सगळं ज्याला गरज आहे त्यानं निर्धास्त करून घ्यावं, मात्र अशी ऑपरेशनं वरचेवर करणाऱ्या सर्जनकडेच.

मग तुझ्यासाठी काय? माझा अंदाज असा की डॉक्टर टीएसएच एकदा परत करायला सांगतील, आणि तो वाढलेलाच राहिला तर लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची गोळी, सुरू करतील. तुम्ही दोघं पुढच्या वर्षी बाळाचा विचार करताय, हे त्यांना आवर्जून सांग. पहिले तीन महिने बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं, म्हणून दिवस राहण्याआधीच टीएसएच अडीचच्या खाली आणलेला बरा. दिवस राहिले की डोस साधारण पाव भागानं वाढवावा लागतो. टीएसएच नॉर्मल असलेल्यांना केवळ सूज उतरावी म्हणून ही गोळी पूर्वी देत असत, आता ते बहुतेक बंद झालं, कारण डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं ठिसूळ होतात. तुझ्याबाबतीत ती हार्मोन भरून काढायला आहे. टीएसएच खाली आला की सूजही थोडी उतरते, पण पूर्ण सपाट होईलच असं नाही, आणि राहिली तरी बिघडत नाही.

गोळी सुरू झाली तर सकाळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-कॉफी काही नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. या गोळीचा असर शरीरात बरेच दिवस टिकतो, तेव्हा एखादा दिवस चुकला तर जीव काढू नकोस, आणि चार दिवसांत फरक पडत नाही म्हणून डोस स्वतः वाढवू नकोस. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून मगच डोस हलवायचा. बरं वाटायला लागलं म्हणून गोळी सोडणारे पेशंट मी फार पाहिले. काही महिन्यांनी तेच पेशंट आधीपेक्षा जास्त सुजलेल्या चेहऱ्यानं परत येतात.

अँटी-टीपीओ, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन याच आठवड्यात दे. रिपोर्ट आले की मला पाठव, पण निर्णय एंडोक्रायनॉलॉजिस्टचा, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांचा. जाताना जुनी सोनोग्राफी फिल्मसकट ने, म्हणजे पुढच्या वेळी गाठीचं माप कशाशी ताडून बघायचं ते त्यांच्याकडे राहील. जावईबापूंनाही बरोबर घेऊन जा, दोघांनी ऐकलेलं बरं.

तुझी,
आई